सुनेच्या हातची मेथी

मेथीच्या भाजीवरून एखाद्या बाईचा एवढा मत्सर वाटू शकतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. ती बाई म्हणजे माझी वहिनी, नांदगावला राहणाऱ्या माझ्या भावाची बायको. तशी साधी आहे. सकाळच्या शाळेत शिकवते, दुपारी घरी येते, माझ्याशी कधी वाकडं बोललेली नाही. त्यामुळे तर आणखीच चीड येते, कारण भांडायला काही निमित्तच सापडत नाही.

झालं असं की, गेल्या हिवाळ्यात आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे नाशिकला आली. एरवी ती बारा महिने भावाकडे असते. माझ्याकडे येते ती लग्नकार्याला, आणि आली की लगेच परतीची पिशवी भरायला घेते. या वेळी मात्र डॉक्टरांनीच सांगितलं, काही आठवडे इथेच राहू द्या, धूळ नको, धूर नको, शेगडीची धग तर अजिबात नको. त्या डॉक्टरांना मी मनातल्या मनात नमस्कार केला. आता हिला असं करून घालायचं की जाताना हिचा पाय निघू नये, असं मी ठरवून टाकलं. तिनं आपणहून म्हणावं, राहते गं आणखी थोडे दिवस. मला एवढंच हवं होतं.

हिवाळ्यात नाशकात मेथीला तोटा नसतो. आईला पालेभाजीशिवाय जेवण गेल्यासारखं वाटत नाही, त्यातही कडू पालेभाजी तिच्या विशेष आवडीची. मी बुधवारच्या बाजारातून बारीक पानांची मेथी आणली. माझी मेथी आमच्या कॉलनीत नावाजलेली आहे. बायका विचारतात, तुमची भाजी जराही कडू कशी लागत नाही हो? त्याचं कारण म्हणजे मी चिरलेल्या मेथीला मीठ लावून ठेवते, मग घट्ट पिळून सगळं हिरवं पाणी काढून टाकते. वर भरपूर कांदा, भिजवलेली मूगडाळ आणि चिमूटभर साखर. त्या दिवशी तर मी जरा जास्तच जीव ओतून केली होती.

काळा चष्मा लावलेल्या आईनं घास घेतला, सावकाश चावला आणि म्हणाली, “चांगली हाय.” मी समोर उभीच होते. “पण सूनबाईच्या हातची मेथी लय येगळी लागते.”

माझ्या पोटात जे दुखलं ते तिथून. दुसऱ्या दिवशी मी साय आणि मटार घालून मेथी केली, हॉटेलात मिळते तशी. आई म्हणाली, “ही भाजी हाय का खीर?” मग मेथी बाजूला ठेवली आणि मुळ्याच्या पाल्यावर आले. पाला बारीक चिरून, वाफवून, पिळून त्यात बेसन लावलं आणि झुणका केला. तो तिनं खाल्ला, पण बोलली काय, तर सूनबाई यात लसूण ठेचून घालती, चिरून नाय. मग करडईची जुडी आणली. तर सूनबाई म्हणे करडईत ज्वारीच्या कण्या घालते. मी नवऱ्याला कण्या आणायला पाठवलं, तो लापशीचा रवा घेऊन आला. दुकानात परत जायला तो तयार होईना, म्हणून मी तोच भाजून घातला. भाजी खरं तर झकास झाली होती. नवऱ्यानं तर दोनदा मागून घेतली. पण तो उकडलेला पुठ्ठासुद्धा छान म्हणून खाईल, त्याच्या कौतुकाला काय जाळायचंय?

एक सांगायला हवं. आई या सगळ्या दिवसांत माझ्या स्वयंपाकघरात पाऊलही टाकत नव्हती. बाहेर सोफ्यावर मांडीवर पेपर पसरून भाजी निवडायची. डोळ्याला पट्टी असतानाही कोवळा देठ कुठला आणि जून कुठला हे तिच्या बोटांना कळायचं. पण निवडलेली भाजी मीच आत न्यायची. पाणी हवं असलं तरी हाक मारायची. “आपलं आपण घे ना गं आई,” असं मी एकदा म्हटलं तर म्हणाली, “जावयाच्या घरात आपण कशाला डबं-भांडी हुडकायची?” आमच्याकडे जुन्या बायका हे पाळतात. लेकीच्या घरी जेवतील, झोपतील, पण फडताळाला हात लावणार नाहीत. मला त्याचं तेव्हा बरंच वाटलं. तिनं नुसतं बसून खावं, हीच तर माझी इच्छा होती. ती जरा उठली की मीच ओरडायचे, “तू बस. तू काही करायचं नाहीस.”

शेवटी मी गॅलरीत जाऊन, दार लोटून घेऊन वहिनीला फोन लावला. हे करताना मला फार अपमान वाटत होता. “वहिनी, तुम्ही मेथी कशी करता हो?” पलीकडे तिनं आधी टीव्हीचा आवाज बारीक केला. मग म्हणाली, “मी कुठे काय विशेष करते, ताई? साधीच असते. आईंनाच विचारा ना, त्यांना सगळं ठाऊक आहे.” मी फोन ठेवला आणि मनात म्हटलं, बघा, लपवतेय! आईला माझ्याकडे जास्त दिवस गोडी लागू नये म्हणून कृती दाबून ठेवतेय. शाळेत पोरांना प्रामाणिकपणाचे धडे शिकवत असेल आणि इथे साध्या मेथीचा पत्ता लागू देत नाही. माझा नुसता जळफळाट झाला.

मग आईलाच विचारलं. तिनं अगदी खुशीत येऊन सांगितलं. मेथीला मीठ लावून पिळायचं नाय, कडू पाणी निघून गेल्यावर त्यात राह्यलं काय? लसूण-मिरचीचा ठेचा आधी तेलात घालायचा. दाणं जाडं कुटायचं, तोंडात आलं पाहिजे असं. झाकण ठेवायचं नाय. पाणी सुटतं ते तिचं तिला आटू द्यायचं, उलथणं सारखं सारखं फिरवत बसायचं नाय. सूनबाईच्या हाताची एवढी बारीकसारीक खोड तिला पाठ होती आणि माझ्या हाताची एकही नव्हती, हे ऐकताना माझे डोळे भरून आले. ते लसणामुळे आले असं मी नवऱ्याला सांगितलं.

मी सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. कॉलनीतली माझी अब्रू गुंडाळून ठेवली आणि चांगली कडू भाजी केली. आईनं खाल्ली. भाकरी संपवली, वरून आणखी चतकोर मागितली. माझ्या जिवात जीव आला. मग पाणी पिऊन म्हणाली, “आज बरीच जवळ आली गं. पण सूनबाईची...”

“मग जा ना तिच्याकडेच!” माझ्या तोंडून निघालंच. हातातलं भाकरीच्या डब्याचं झाकण मी टेबलावर आपटलं. नवरा ताटात काहीतरी शोधायला लागला. आई शांतपणे म्हणाली, “डोळा बरा झाला की जायाचंच हाय.”

आणि गेली. डॉक्टरांनी परवानगी दिली त्याच दिवशी तिनं भावाला फोन करायला लावला. आठ दिवस राहा म्हणून मी विनवलं, तर म्हणाली, “नको बाई, लय दिस झालं जावयाच्या घरी.” भाऊ गाडी घेऊन न्यायला आला तेव्हा मी लाडू बांधून दिले, शाल दिली, पण तिचं सगळं लक्ष गाडी कधी निघते याकडे. त्या गाडीकडे बघताना मला वहिनीचा इतका राग आला की मी तिच्यासाठी बाजूला काढलेलं द्राक्षांचं खोकं भावाला द्यायचं मुद्दाम विसरले.

पुढे आईचा नवीन चष्मा नाशिकला तयार झाला. कुरियरनं पाठव, असं भाऊ म्हणाला. मी सकाळची एसटी पकडली आणि न कळवता नांदगावला गेले. खरं सांगायचं तर मला वहिनीला भाजी करताना गाठायचं होतं. ती काय घालते ते या डोळ्यांनी बघायचं होतं.

दार उघडंच होतं. लसणाचा वास पार अंगणापर्यंत आला होता. मी चपला काढून आवाज न करता आत गेले. गॅससमोर पदर खोचून आई उभी होती. एका हातात उलथणं, दुसऱ्या तळहातावर चिमूटभर मेथी, चव बघत होती. मला बघून दचकली.

“तू आत्ता कशी?”

“वहिनी कुठाय?”

“शाळेत. येईल आता.”

“मग ही भाजी?”

आईनं कढईतली मेथी एकदाच खालवर केली आणि गॅस बारीक केला. कडू, खमंग, दाण्यांचा वास सुटला होता. माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं.

“रोज तूच करतेस?”

“तिला सकाळची शाळा. ती कवा करणार?”

“मग सूनबाईच्या हातची, सूनबाईच्या हातची, असं घोकत होतीस ते काय होतं?”

“गल्लीत कळलं तर लोक काय म्हणतील? म्हातारी राबती आन् सून मिरवती. पोरीला नावं ठेवतील. म्हणून मी समद्यांना तसंच सांगते.”

“मी गल्ली आहे का गं, आई?”

“तू नणंद हाय तिची,” आई म्हणाली.

मी तिथेच पाटावर बसले. इतके दिवस मी आईच्याच हाताशी शर्यत लावत होते, हे कळल्यावर खरं तर हसू यायला हवं होतं. वहिनीनं काहीच लपवलं नव्हतं, तेव्हा राग निवायला हवा होता. पण तो दुप्पट झाला. मला वाटलं होतं वहिनीकडे एखादी कृती आहे. तिच्याकडे तर माझी आई होती, पदर खोचलेली, चव बघणारी, शाळेतून येणाऱ्या माणसासाठी गरम भाजी करून ठेवणारी. मी तिला सोफ्यावर बसवून ताटं पुढे केली आणि वहिनीनं तिला गॅससमोर उभं राहू दिलं.

“माझ्याकडे का नाही केलीस, एकदा तरी?” मी विचारलं.

“जावयाच्या घरात मी शेगडी कशी धरू? आन् तूच तर म्हणायची, बस, बस.”

तेवढ्यात वहिनी आली. दारात माझ्या चपला बघूनच तिनं ओळखलं असावं. आत आली, कढईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “ताई, मी फोनवर सांगणारच होते,” ती म्हणाली, “पण आईंनी शपथ घातली होती.” मी म्हटलं, असू द्या. दुसरं काय म्हणणार?

आम्ही तिघी जेवायला बसलो. भाजी वाढून झाल्यावर आईनं गरम भाकरीचा मोठा तुकडा मोडला आणि त्यानं कढई पुसून घेतली. तळाला लागलेला तांबूस लसूण, दाण्याचं कूट, तेल, सगळं त्या तुकड्याला लागलं. लहानपणी कढई पुसलेला हा तुकडा माझा असायचा. भावानं हात पुढे केला तर आई त्याला चापट मारायची. आता तिनं न बघता हात लांबवला आणि तो तुकडा वहिनीच्या ताटात ठेवला.

वहिनीच्या लक्षात आलं. तिनं तुकड्याचे दोन भाग केले आणि एक माझ्या ताटात ठेवला. “घ्या ना, ताई.” मी तो घेतला. मग हात पुढे करून तिच्या ताटातला दुसराही उचलला.

“आगं, पोरीला ठेव की थोडा,” आई म्हणाली.

पोरीला म्हणजे वहिनीला. मी दोन्ही तुकडे खाल्ले.