फिजिक्सचे सर आणि करंगळीच्या नखाएवढा स्क्रू

पंचवीस वर्षं मी कॉलेजात फिजिक्स शिकवतोय. जोर किती लावला याइतकंच तो कुठं लावला हेही महत्त्वाचं, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगतो. त्यामुळे मागच्या हिवाळ्यात गाडीच्या पुढच्या चाकांच्या ब्रेक डिस्क बदलायची वेळ आली तेव्हा मला वाटलं, यात काय, आपणच बदलू. तीन व्हिडिओ पाहिले आणि रविवारी सकाळी सिडकोतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी जॅकवर चढवली.

चाक निघालं. मी लगेच वर घरात बायकोला फोटो पाठवला. डिस्कला चिमट्यासारखा पकडणारा कॅलिपरही सोडवला. आता राहिला होता डिस्क धरून ठेवणारा एक स्क्रू, करंगळीच्या नखाएवढा आणि पुरता गंजलेला. पेचकस लावून फिरवला तर पेचकसच खाचेतून सटकला. पाच-सहा वेळा असंच झालं. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरची फुली जाऊन तिथं छान गोल वाटी तयार झाली. मग मी त्या वाटीत तेल सोडलं. पेचकस आणखी सफाईनं घसरू लागला.

"काय करू लागले सर?"

तळमजल्यावरच्या ताई मेथीची जुडी घेऊन उभ्या होत्या. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी निवृत्तीपर्यंत नटबोल्टच आवळले होते.

"स्क्रूच खराब निघालाय," मी म्हणालो.

त्या वाकल्या. "खराब नाय निघाला, खराब केला. फिरवताना वरून दाबलं होतं का?"

दाबलं नव्हतं.

त्यांनी जुडी बॉनेटवर ठेवली आणि घरून छिन्नी-हातोडी आणली. आधी स्क्रूच्या डोक्यावर सरळ चार ठोके दिले. "जंग मोकळा व्हावा लागतो." मग छिन्नी कडेला तिरकी टेकवून डावीकडं हलके ठोके दिले. सहाव्या ठोक्याला स्क्रू हलला. पुढं त्यांनी तो बोटांनीच काढला.

"दुसऱ्या चाकाचा तुम्ही काढा. मी बघते."

मी आधी ठोकलं, मग छातीचा सगळा भार पेचकसावर टाकून फिरवलं. स्क्रू निघाला, आणि मी एवढ्या जोरात ओरडलो की गेटवरचा वॉचमन धावत आला.

"आता नव्या डिस्कचा स्क्रू लई आवळू नका," ताई म्हणाल्या. "खरी डिस्क चाकाचे नटच धरतेत."

दुपारी आम्हा नवरा-बायकोला कन्नडला जायचं होतं आणि ताईंना पुढं पिशोरला बहिणीकडं. "चला, पिशोरपर्यंत सोडतो," मी म्हणालो.

"आधी दोन चकरा मारून या. ब्रेक लागतेत का बघते."

खाली आलेली बायको तोंडाला पदर लावून उभी राहिली. मी सोसायटीभोवती दोन चकरा मारल्या आणि दोन्ही वेळा ताईंपुढं करकचून थांबलो. त्यांनी तिसरी मारायला लावली. मगच त्या मागच्या सीटवर बसल्या. दौलताबाद येईस्तोवर त्यांचा हात माझ्या सीटवरून निघाला नाही. मी आरशात पाहिलंच नाही असं दाखवत चाळीसच्या वर गेलो नाही. एक ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेला.

पिशोरला उतरताना त्यांनी बहिणीला माझी ओळख करून दिली. "हे आमचे सर. शिकायला लागलेत."