पिवळं पडणारं कुंकू

भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्यांची मी आजवर टरच उडवत आलो. गिरगावात फोटोग्राफ रंगवण्याचा माझा धंदा... फोटोत भूत दिसलं म्हणजे बसलेला माणूस हलला, एवढंच मला ठाऊक. पण प्लेगच्या साली जे घडलं, ते वाचा आणि तुम्हीच सांगा.

रंग आणि उजेडाचे खेळ करायची मला भारी हौस. चाळीच्या गॅलरीत पांढरं धोतर ताणून त्यावरचं ऊन मी आमच्या हिच्या चेहऱ्यावर पाडलं आणि फोटो काढला. उजेड सुरेख आला; पण तांबडा रंग काचेच्या प्लेटला दिसत नाही, फोटोत तो काळाच उतरतो. फोटो पाहून ही रुसली.

"अहो, काळं कुंकू? तुम्ही धडधाकट असताना? आधी तांबडं करा."

मी हसलो आणि तिच्याच करंड्यातलं कुंकू डिंकाच्या पाण्यात कालवून फोटोत भरलं.

पुढच्याच आठवड्यात तिला ताप आला, काखेत गाठ आली. परळकडच्या प्लेगच्या इस्पितळात तिला नेलं. मला आत सोडेनात. फाटकाशी उभा राहून मी येईल त्याच्या पाया पडायचो. आत काम करणारी पारूबाई कोळीण तेवढी दोन शब्द सांगायची.

इकडे फोटोतलं कुंकू पिवळं पडलं. कुंकू हळदीचंच, आम्ल लागलं की पुन्हा पिवळं होतं; कागदात आम्ल राहिलं असेल... मी पुन्हा भरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळं. कागद धुऊन पाहिला, उपयोग नाही. मग रोज आधी कुंकू भरायचं आणि फाटकाकडे धावायचं, असं सुरू झालं.

एकदा पारूबाईनेच विचारलं, "भाऊ, आत कुंकू कसं पोचवता?"

"मी? मला आत सोडतंय कोण?"

"डाक्तरचा हुकूम, म्हनून रोज तिचं तोंड औषधाच्या पान्यानं पुसते. कपाळ कोरं होतं. जराशानं बघते तर परत लाल. इचारलं तर म्हनते, ह्यांनी लावलं."

एकही दिवस चुकलो नाही तर ही जगेल, असं मनाने घेतलं... काही न मानणारा मी! करंडा खरवडून खरवडून कुंकू भरत राहिलो.

एका सकाळी पाहतो तर रंग उडालेलाच नाही. कालचं कुंकू तसंच लालभडक. तिला उतार पडला, अशी माझी खात्री झाली. रडत-हसत फाटकाशी गेलो.

"पारूबाई, हिला बरं वाटतंय ना?"

तिने पदर तोंडाला लावला. "पहाटे गेली, भाऊ. आज मी कपाळ पुसलं नाय. सवाष्ण गेली... तिचं कुंकू कोन पुसंल?"

कागद तोच, डिंक तोच, हवाही तीच. त्या दिवसापासून तो रंग कधी उडाला नाही — का, ते मला आजही सांगता येत नाही. उडत राहिला असता, तर मी जन्मभर भरत बसलो असतो.