उसाकडे तोंड करून बसलेला दादाभाऊ

आमच्या तमाशाला पडदा नव्हता. ढोलकीवर पहिली थाप पडली की पडदा वर गेला असं समजायचं, आणि समोरची दोन-तीन हजार माणसं ते बिनबोभाट मान्य करायची. तशीच एक थाप आत्ता पडली आहे असं समजा.

निरगुडसरच्या शिवारातला एक मळा. डाव्या अंगाला ऊस, माणूस बुडेल एवढा. उजव्या अंगाला पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, खिडक्यांना जाड जाळी ठोकलेली. अंगणात जांभळाचं झाड, झाडाला भोंगा बांधलेला. भोंग्यातून एक राजा गरजतो आहे, ‘प्रधानजी, आपल्या राज्याची हालहवाल काय आहे?’ अंगणात ते ऐकायला कोणी नाही. घरात पलंगावर नऊ वर्षांची मुलगी टॅब घेऊन बसली आहे. टॅबमध्ये शाळा भरली आहे. आणि उंबऱ्यावर, मुलीकडे पाठ आणि उसाकडे तोंड करून, घुंगूरकाठी आडवी धरून एक माणूस बसला आहे. वेळ सकाळी दहाची.

तो माणूस दादाभाऊ. मुलगी अक्षदा. राजा मी.

म्हणजे माझा आवाज. चाळीस वर्षं मी फडात राजाची कामं केली. नारायणगावच्या राहुट्यांत सुपाऱ्या ठरायच्या तेव्हा गावोगावचे पुढारी आधी विचारायचे, राजा तोच आहे ना? आता पाटाच्या पलीकडे एका खोलीत राहतो आणि दाढदुखी सांभाळतो. कुणा हौशी माणसानं एका जत्रेत आमचा वग टेप केला होता. तो माझ्या भाच्यानं पेनड्राइव्हवर घालून दिला. तो पेनड्राइव्ह दादाभाऊच्या भोंग्याला कसा लागला, ते सांगतो.

भोंगा त्याचाच. पेशा ट्रॅक्टरचा, पण यात्रांच्या दिवसांत बैलगाडा शर्यतीच्या घाटावर माईक धरायचा तो दादाभाऊ. गाडा सुटला की घाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याचा आवाज बैलांच्या बरोबरीनं पळायचा. कुणाचा गाडा, कुठलं गाव, बैलांची नावं, सगळं एका श्वासात. मी रंगमंचावरचा माणूस, मला श्वासाची किंमत कळते. एकदा मी त्याला म्हणालो, ‘दादाभाऊ, तू आमच्या काळात असतास तर मला राजा कोणी केलं नसतं.’ तो म्हणाला, ‘तात्या, मग तुमी बैल झालं असतं.’ बायको आरती शेजारीच शेंगा फोडत बसली होती. ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, आरती घास कापायला वाकली. बिबट्याला आमच्याकडे वाघच म्हणतात. उभ्या माणसाच्या अंगावर वाघ सहसा येत नाही, वाकलेल्याच्या येतो. एवढंच लिहितो.

पिंजरा लागला. महिन्यानं त्यात एक वाघ सापडला. तोच तो, की दुसरा, हे कोणी सांगू शकलं नाही. दादाभाऊ पिंजरा बघायला गेला नाही. तो रडलाही नाही. तेराव्याला जेवणावळ उठली तसा त्यानं हातोडा घेतला आणि खिडक्यांना जाळी ठोकायला लागला. पाहुण्यांनी चपला घातल्या आणि निघून गेले.

त्या दिवसापासून अक्षदाची शाळा बंद. वस्तीवरची झेडपीची शाळा चालत दहा मिनिटांवर, पण वाट उसामधून. बाकीचे बाप गाडीवर सोडत होते. दादाभाऊ म्हणायचा, गाडीवरच्या माणसालाबी वाघानं पंजा मारलाय, आणि मधल्या सुट्टीत पोरीजवळ कोण हाय?

एक दिवस तो माझ्याकडे आला. ‘तात्या, आवाज पायजे. दिवसभर. माणसाच्या बोलण्याला वाघ बिचकतो म्हनत्यात. गाणं न्हाई, बोलणं पायजे.’

‘मग तूच बोल की माईकवर.’

‘मला न्हाई जमायचं,’ तो म्हणाला आणि हात पुढे करून उभा राहिला.

मी पेनड्राइव्ह दिला. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. सत्तर उलटल्यावर पुन्हा कोणाला तरी माझा राजा हवा होता.

जूनमध्ये त्याच्या मोबाईलवर एका खासगी ऑनलाईन शाळेची जाहिरात आली. पहिली ते दहावी, घरबसल्या. तो मला घेऊन मंचरला हितेशच्या दुकानात गेला. हितेश मोबाईल विकतो आणि लोकांचे फॉर्म भरून देतो. कोपऱ्यात त्याचे आजोबा अमृतलालशेठ पेपर वाचत बसलेले असतात.

‘या, दादाभाऊ,’ हितेश म्हणाला. ‘दूध घरपोच, गॅस घरपोच, आता शाळापण घरपोच का?’

‘व्हय. उंबरा वलांडायला नको.’

हितेशनं पुढचा विनोद गिळला आणि आम्हाला स्टुलं दिली. फी कुठल्या पैशातून भरली हे त्यानं विचारलं नाही, मीही नाही. सरकारकडून काय मिळतं आणि कशाबद्दल मिळतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

फॉर्म भरता भरता हितेश थांबला. ‘आईचा मोबाईल नंबर मागतोय. तो भरल्याशिवाय पुढं जात नाही.’

दादाभाऊनं नंबर सांगितला.

‘त्यावर ओटीपी जाईल, भाऊ,’ हितेश हळूच म्हणाला.

दादाभाऊनं डाव्या खिशातून दुसरा फोन काढला. काच तडकलेली, पाठीवर मोराचं स्टिकर. तो चार्ज केलेला होता. फोन वाजला आणि दादाभाऊनं सहा आकडे एकेक करून वाचले.

अमृतलालशेठनी पेपर खाली केला. ‘त्या शाळेत खेळायला कोण असतं?’

‘आजोबा, खेळाचापण तास असतो. स्क्रीनवर दाखवतात, तसं करायचं,’ हितेश म्हणाला.

‘असं,’ शेठ म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा पेपर वर केला.

झेडपीच्या शाळेतून दाखला काढायला मीच बरोबर गेलो. तिथल्या बाई वयानं लहान, पण धीराच्या. म्हणाल्या, ‘दादाभाऊ, ही गेली की चौथीत तिघंच उरतात. पटाचं जाऊ द्या. परिपाठाला प्रतिज्ञा हीच सांगायची. पार रस्त्यापर्यंत ऐकू जायची. तुमचा गळा आहे तिला.’

दादाभाऊ म्हणाला, ‘दाखला द्या.’

बाईंनी दिला.

मग टॅबवर प्रवेशाची मुलाखत झाली. शाळेच्या मॅडम कुठल्या शहरात बसल्या होत्या देव जाणे, मागे पांढरी भिंत होती. अक्षदानं केसांना तेल लावलं होतं. मॅडमनी गोड आवाजात विचारलं, ‘अक्षदा बेटा, तुला काय आवडतं?’

अक्षदानं तोंड उघडलं, आणि बाहेरून मी गरजलो, ‘कोण आहे रे तिकडे? याला हत्तीच्या पायी द्या.’

मॅडम दचकल्या. ‘घरात कोण बोलतंय?’

दादाभाऊ मागून पुढे वाकला. ‘राजा हाये, मॅडम. वाघासाठी लावलाय.’

मॅडमना बहुतेक वाटलं, ही घरातली काही रीत असेल. मग म्हणाल्या, ‘ठीक आहे. पण बेटा, मागं खूप आवाज आहे. तू माईक बंद ठेव. उत्तर लिहून दाखव, हं.’

अक्षदानं माईक बंद केला, पाटीवर लिहिलं आणि पाटी कॅमेऱ्यासमोर धरली. तिला प्रवेश मिळाला. दादाभाऊनं मला चहा दिला. चहात साखर नव्हती. ते त्याला कळलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

पुढचे तीन महिने तुम्हाला सुरुवातीला दाखवले तसेच गेले. शाळेचा नियम होता, मोठ्या माणसानं मुलाजवळ बसायचं. दादाभाऊ बसायचा, पण उसाकडे तोंड करून. मागे पोर शिकते आहे, पुढे आपण राखण करतो आहोत, एवढं त्याला पुरेसं वाटत असावं. ट्रॅक्टर त्यानं दुसऱ्याला चालवायला दिला होता. दिवसभर राजा बोलायचा आणि घरातली दोन माणसं गप्प असायची. भाकरी थापताना, ताटं घासताना, गप्प. मी पाटाच्या कडेनं जायचो, माझाच आवाज ऐकायचो आणि मनात म्हणायचो, काय खणखणीत लागला होता त्या रात्री. बाकी काही माझ्या ध्यानात आलं नाही.

सप्टेंबरात एका दुपारी दादाभाऊ आला. हातात मोराच्या स्टिकरचा फोन. ‘तात्या, हे नीट वाचा. मला कळंना.’

शाळेचा निरोप होता. शाळा रोजच त्या नंबरवर निरोप पाठवायची. मी वाचला. ‘प्रिय आरतीताई, अक्षदा ही अत्यंत शांत व शिस्तप्रिय विद्यार्थिनी आहे. संपूर्ण सत्रात तिने एकदाही माईक सुरू केला नाही. वर्गात व्यत्यय न आणल्याबद्दल तिचे आणि तुमचे अभिनंदन.’

‘म्हंजी ती बोलतच न्हाई?’

‘तसंच दिसतंय.’

‘तीन महिनं?’

मी फोन त्याच्या हातात परत दिला. मागे पाटापलीकडे राजा प्रधानाला दरडावत होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, या माणसानं आता गप्प बसावं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या आधी मी त्याच्याकडे गेलो. दादाभाऊनं स्वतः भोंगा बंद केला. उसाची सळसळ एकदम अंगणात आली. तो उंबऱ्यावर न बसता पोरीशेजारी पलंगावर बसला. काठी मांडीवर. मॅडमनी हजेरी घेतली. ‘अक्षदा?’

‘बोल,’ दादाभाऊ म्हणाला.

अक्षदानं माईक उघडला. तोंडही उघडलं. गळा हलला. आवाज आला नाही. नटाच्या घशाला असं कधीकधी होतं, हे मी पाहिलं आहे, पण त्याला समोर माणसं लागतात.

‘अक्षदा बेटा, ऐकू येत नाही,’ मॅडम म्हणाल्या.

तेवढ्यात उसात कुठं तरी कुत्रं केकाटलं. एकदाच. दादाभाऊ ताडकन उठला, बाहेर गेला, आणि राजा पुन्हा बोलायला लागला. तो आत वळला तेव्हा मी बघत होतो, त्यानंही बघितलं. अक्षदाचं बोट आपोआप माईकच्या खुणेवर गेलं आणि तिनं तो बंद केला. कोणी सांगितलं नव्हतं. तिनं पाटी उचलली, ‘हजर’ लिहिलं आणि पाटी समोर धरली.

दादाभाऊ दारात किती वेळ उभा होता, मी मोजलं नाही. वग त्या जागेवरून शेवटापर्यंत गेला, लोकांच्या टाळ्या झाल्या, आणि पहिल्यापासून सुरू झाला.

त्या संध्याकाळी तो बाईंकडे जाऊन आला. बाई म्हणाल्या, दाखला येईल तेव्हा येईल, पोरीला सोमवारी पाठवा.

सोमवारी सकाळी मी पाटाच्या कडेला दात घासत होतो. भोंगा बंद होता. घराला कुलूप लावून दोघं निघाली. पोरीचा गणवेश आखूड झाला होता. दादाभाऊच्या हातात घुंगूरकाठी, अंगात धुतलेला सदरा. चेहरा तसाच, काही न लिहिलेल्या पाटीसारखा.

‘गाडी काढ की,’ मी म्हणालो.

‘गाडीच्या आवाजात आपलं बोलणं जातं, तात्या. चालतच बरं.’

उसाच्या वाटेच्या तोंडाशी दोघं थांबली. वाघ मागच्या माणसावर येतो, म्हणून पोराला पुढं घालायचं आणि मागं मोठ्यानं राहायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. त्यानं अक्षदाला पुढं केलं. आता तोंड तिच्याकडे होतं. काठीचे घुंगूर तो न हलता वाजत होते.

अक्षदानं वाटेकडे बघितलं, मग वळून त्याच्याकडे. ओठ हलले. मला आधी वाटलं, नुसतेच हलले. मग ऐकू आलं. बसलेला, खरखरीत आवाज.

‘पप्पा, काय बोलू?’

‘काय बी बोल,’ दादाभाऊ म्हणाला. ‘फकस्त गप बसू नको.’