हिर्डोशीच्या रानातली इटली

वामन रघुनाथ खरवडकर. माझ्यावर सर्वांत जास्त उपकार या माणसाचे आहेत. भोरच्या शाळेत ते आम्हांला इतिहास शिकवीत. मी हिर्डोशीच्या शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. मास्तरांनी मला नादारी मिळवून दिली, म्हणजे माझी फी माफ झाली. राहायला त्यांनी स्वतःची पडवी दिली.

मास्तर युरोपचा इतिहास वर्गात शिकवीत नसत. ते आम्हांला अंगणात नेत, काठीने धुळीत इटलीचा आकार काढत आणि आम्हांला त्यात उभं करत. "तू नेपल्स. तू रोम. तू वरचा पीडमाँट, नीट उभा राहा, तुझ्याकडून पुढं मोठं काम व्हायचंय." वर्गातला सगळ्यांत उंच मुलगा ऑस्ट्रिया. त्याच्या हाती काठी. नेपल्सने डोकं वर काढलं की ऑस्ट्रियाने येऊन त्याला खाली बसवायचं. बसताना नेपल्स हसला, तर मास्तर म्हणत, "हसू नकोस. तुझ्या राजानं धर्मग्रंथावर हात ठेवून राज्यघटना मान्य केली होती. मग ऑस्ट्रियाची फौज आणली आणि तीच घटना मोडली. लोकांची शपथ ती शपथ, राजाची शपथ ती सवड."

हे ते हळू आवाजात सांगत, एखाद्या नातलगाची लबाडी सांगावी तसं. पॅरिसच्या लोकांनी रस्त्यातले दगड उपटून अडथळे रचले, हे सांगताना मात्र त्यांचा आवाज चढे. मग ते एकदम थांबून म्हणत, "आता घरी जाताना शाळेपुढचा रस्ता उकरू नका. तो आधीच उकरलेला आहे."

एक दिवस धडा चालू असताना एक तपासनीस साहेब येऊन मागे उभे राहिले. संस्थानात तेव्हा जबाबदार राज्यपद्धतीची मागणी होऊ लागली होती, सभांवर नजर होती. मास्तर इटलीतल्या गुप्त मंडळ्यांविषयी सांगत होते. ही मंडळी रानात खोपटात जमत, घटनेसाठी शपथा घेत. पीडमाँट झालेल्या मुलाने विचारलं, "मास्तर, आपल्याकडं अशी मंडळी निघाली तर जमतील कुठं?"

"हिर्डोशीच्या रानात," मास्तर म्हणाले. "जागा चांगली आहे. भाकऱ्या धुमाळ पुरवील."

धुमाळ म्हणजे मी. वर्ग हसला. साहेब हसले नाहीत.

पुढच्या आठवड्यात फौजदार दोन शिपाई घेऊन हिर्डोशीला पोचला. रान पाहिलं, आमचं घर पाहिलं, भाताच्या कणग्यांत हात घालून पाहिलं. वडील बाजारच्या दिवशी भोरला आले, तेव्हा मास्तरांच्या ओट्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं.

"फौजदार म्हनला, तुज्याकडं कोन कोन जेवून जातं? म्या म्हनलं, सायेब, पाव्हनं येत्यात, पर ते दिवाळीला. मग म्हनला, इटलीचं कोन आल्तं का? म्या म्हनलं, इटली वरंध्याच्या घाटापल्याड असंल, म्या तिकडं कवा गेलो न्हाई."

मास्तर खळखळून हसले. वडीलही हसले, आणि मग हातातलं मुंडासं चाचपत म्हणाले, "पर मास्तर, पोराची शाळा जाईल का हो?"

मास्तरांचं हसू तिथंच संपलं.

दोन दिवसांनी तपासनीस साहेबांचा निरोप आला. शाळेच्या वार्षिक समारंभात मास्तरांनी सर्वांसमक्ष माफी मागावी. नाही मागितली, तर नोकरी जाईल आणि "त्या हिर्डोशीच्या मुलाची" नादारीही बंद होईल.

आमच्याकडे समारंभाला एक रीत होती. सरकारांना, म्हणजे राजेसाहेबांना, यायला सवड नसली, तर मंचावर त्यांची खुर्ची मांडून तिच्यावर जरीचा शेला घालत, आणि शिक्षक एकेक करून खुर्चीला मुजरा करत. त्या वर्षीही खुर्चीच होती. सरकारांना हे प्रकरण ठाऊक तरी होतं की नाही, देव जाणे. तपासनीस साहेब खुर्चीशेजारी उभे होते.

मास्तरांचं नाव पुकारलं गेलं. ते पुढं गेले. तीन वेळा वाकले. मग रिकाम्या खुर्चीकडे पाहत हात जोडून म्हणाले, "माझ्या बोलण्यात मर्यादा राहिली नाही. सरकारांनी पदरात घ्यावं." साहेब म्हणाले, "मोठ्यानं." मास्तरांनी तेच वाक्य मोठ्यानं म्हटलं. तिसऱ्या मुजऱ्याला त्यांची पगडी कानावर घसरली होती. ती तशीच ठेवून ते बोलले आणि खाली उतरल्यावर त्यांनी ती सावरली. मी पहिल्या रांगेत होतो. मी मान खाली घातली, ती समारंभ संपेपर्यंत वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर वर्गात शिरले, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "बस खाली, नेपल्स." मास्तरांनी ते ऐकलं. त्यांनी कोणाला उभं केलं नाही. आम्हांला अंगणातही नेलं नाही.

"हे उठाव का फसले, हा प्रश्न परीक्षेला येतो," ते म्हणाले. "पुस्तकात चार कारणं दिली आहेत. पुढाऱ्यांत एकी नव्हती, शेतकरी दूर राहिला, बाहेरची फौज आली, पैसा नव्हता. ही लिहा, गुण मिळतील. पाचवं कारण पुस्तकात नाही. ते तुम्ही काल पाहिलंत."

मग ते फळ्याकडे वळले आणि पुढचा धडा सुरू केला.

माझी नादारी टिकली. मी मॅट्रिक झालो, पुण्याला जाऊन बी. ए. झालो. पेढे घेऊन मास्तरांकडे गेलो, तेव्हा पाया पडून म्हणालो, "मास्तर, माझ्यासाठी तुम्ही त्या दिवशी..."

"ते माझ्याकडंच राहू दे," ते म्हणाले. "मी भीतीनं वाकलो. तू नसतास तरी वाकलो असतो. तुझं निमित्त मला सोयीचं झालं, एवढंच. पेढा दे."

संस्थान विलीन झालं, तेव्हा गावाने चळवळीतल्या मंडळींचा सत्कार ठरवला. कोणीतरी मास्तरांचंही नाव सुचवलं. मास्तर तोवर निवृत्त होऊन वरवे बुद्रुकला राहत होते. त्यांना आणायला मला पाठवलं. ते अंगणात शेंगा वाळत घालत होते. त्यांनी मान हलवली. "त्या मंचावर खुर्च्या असतील ना? मला मंचावरच्या खुर्चीपुढं उभं राहता येत नाही, धुमाळ."

मी एकटाच परत आलो. सत्कारात लोक माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, हा हिर्डोशीचा पहिला पदवीधर, स्वतःच्या हिमतीवर शिकला. मला तिथं बसवेना. घरी येऊन मी मास्तरांना पत्र लिहिलं.

"तीर्थस्वरूप मास्तरांस शि. सा. नमस्कार.

मी आता नववीला तोच धडा शिकवतो. परवा मुलांना पाचवं कारण सांगितलं, माझ्या नादारीसकट, पण तुमचं नाव न घेता. एका मुलाने विचारलं, 'ते मास्तर वाकले नसते तर?' मी म्हणालो, 'तर त्यांची नोकरी गेली असती.' तो म्हणाला, 'आणि तुम्ही?' मी म्हणालो, 'मी हिर्डोशीला नाचणी काढत असतो.' मुलं हसली. मला हसता आलं नाही.

तुम्ही म्हणता, मी नसतो तरी तुम्ही वाकला असता. तसं असेलही. पण मी होतो, मास्तर. पहिल्या रांगेत होतो, आणि तुम्ही वाकावं असंच मला वाटत होतं. त्या खुर्चीपुढं आपण दोघं वाकलो. पगडी मात्र तुमची एकट्याची घसरली.

आपला,
धुमाळ"