पोपटीचं प्लास्टर

माझी मावशी माणसांना हाडांवरून ओळखते. ती हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालायचं काम करते, त्याला आता एकतीस वर्षं झाली. रस्त्यात कुणी हसून "काय ताई, ओळखलंत का?" असं विचारलं, की ती त्याच्या तोंडाकडे बघतसुद्धा नाही. त्याला चार पावलं चालायला लावते. "डावा घोटा ना तुमचा? जिन्यावरून? नाव नका सांगू, मला नावाचा काही उपयोग नाही."

त्यामुळे सुपरहिरोंच्या सिनेमातली जी गोष्ट इतरांना हास्यास्पद वाटते, ती मावशीला अगदी पटते. नायक डोळ्यांवर वीतभर फडकं बांधतो आणि त्याच्या ऑफिसातलं कुणीही त्याला ओळखत नाही. "बरोबरच आहे," मावशी म्हणते. "तोंडावरून कोण ओळखतंय? मी ओळखलं असतं. उजव्या पायावर भार जास्त टाकतो तो."

"तो" म्हणजे पोपटी. सिनेमात त्याला लांबलचक भारदस्त नाव आहे, पण आमच्या घरात तो पहिल्या दिवसापासून पोपटी. पाठीवर पोपटी रंगाची केप, छातीवर एक गोल, आणि गोलात सरळ वर जाणारा बाण. वीस वर्षांत त्याचे सात सिनेमे आले आणि सातही मावशीने पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला पाहिले. उजवीकडे काका, डावीकडे मी, मांडीवर पॉपकॉर्नचा मोठा पुडा.

तिच्याबरोबर सिनेमा बघणं हा एक वेगळाच अभ्यासक्रम आहे. उडण्याचे गुण ती देत नाही. "उडायला काय, कबुतरंही उडतात. उतरताना बघ." नायक आकाशातून येऊन एका गुडघ्यावर, मूठ जमिनीवर आपटत उतरतो, सगळं थिएटर शिट्ट्या मारतं आणि मावशी डोळे घट्ट मिटून घेते. "वाटी गेली," ती पुटपुटते. इमारती कोसळायला लागल्या, की लोक नायक आणि खलनायकाकडे बघतात, ही मागे पळणाऱ्या गर्दीकडे. "तो निळ्या शर्टातला बघितलास? हात टेकून पडला. मनगट. ती बाई, खांदा. एकवीस, बावीस... आज कुणाची ड्युटी आहे रे तिकडे? मेली बिचारी."

तिची मुख्य तक्रार मात्र एकच, आणि ती वीस वर्षांची. नायकाला कधीच प्लास्टर घालत नाहीत. "चाळिसाव्या मजल्यावरून पडतो आणि दुसऱ्या दिवशी भुवईवर एवढीशी पट्टी. भुवईवर पडला होता का तो?"

इतकी नावं ठेवायची तर बघतेस कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. उत्तर काकांनी दिलं. काका पोस्टात टपाल वेगळं करायच्या कामाला आहेत, पहाटे चारला उठतात. त्यामुळे थिएटरात दिवे मालवले, की त्यांचं डोकं मावशीच्या उजव्या खांद्यावर पडतं ते थेट शेवटी उठतं. तेवढ्या प्रश्नापुरते ते जागे झाले आणि म्हणाले, "अरे, दिवसभर पडलेली माणसं बघते ती. एखादा पडून आपला आपण उठलेला बघितला की तिला बरं वाटतं." आणि परत झोपले.

"झोपेत काहीही बडबडतात," मावशी म्हणाली. पण खांदा तिने जरा सरळ करून दिला.

आता प्लास्टरच्या खोलीतला तिचा नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच अडलं. पडलं की ताबडतोब यायचं. सूज चढल्यावर आलेल्या पेशंटला ती दोन प्रश्न विचारते. पहिला, "केव्हा पडलात?" वेळ ऐकून ती भिंतीवरच्या घड्याळाकडे सावकाश बघते आणि मग दुसरा, "आणि आत्तापर्यंत काय करत होतात? सिनेमा बघत होतात?" यानंतर पाच मिनिटांचं व्याख्यान असतं. भलेभले लोक त्यात मान खाली घालून बसलेले मी पाहिलेत. तिच्या हाताखाली तयार झालेली एक प्लास्टरवाली आहे. वय तिचंही पस्तीस, पण दवाखान्यात सगळे तिला धाकटीच म्हणतात. धाकटीने प्लास्टरबरोबर हे व्याख्यानही शिकून घेतलंय, आवाजाच्या चढउतारांसकट.

तर पोपटीचा आठवा सिनेमा आला. शेवटचा. पोस्टरवरच तसं लिहिलं होतं, म्हणजे यानंतर पोपटी नाही. मावशीने महिनाभर आधी रजा टाकली होती. सकाळी दहाचा खेळ. दहाला पाच कमी असताना आम्ही अंधुक पायऱ्यांवरून आमच्या रांगेकडे निघालो. मावशी पुढे, उजव्या हातात पॉपकॉर्न. आणि शेवटची पायरी, जी नव्हतीच, तिच्यावर तिने पाय ठेवला.

पॉपकॉर्नचा एक दाणा सांडला नाही. सगळं वजन डाव्या हातावर आलं.

"हात टेकला मी," ती खाली बसूनच म्हणाली. दुखण्यापेक्षा तिला याचीच लाज वाटत असावी. एकतीस वर्षं ती लोकांना सांगत आलीय, पडताना हात टेकू नका, कुशीवर पडा. मग तिने उजव्या हाताने डावं मनगट चाचपलं, जसं आपण आंबा पिकलाय का बघतो तसं. "चीर आहे. सरकलेलं वाटत नाही. अहो, आधी अंगठी काढा, बोट सुजेल."

काकांनी अंगठी काढून खिशात घातली. "चल, दवाखान्यात."

"बसा."

"अगं, तुझाच नियम आहे."

"वीस वर्षं तो माझ्यासमोर पडतोय," मावशी म्हणाली. "आज शेवटचा पडणार, आणि मी बाहेर गाडीत बसू?"

पुढची पाच मिनिटं त्या रांगेत एक छोटं इस्पितळच चाललं. पॉपकॉर्न माझ्या रुमालात ओतून पुड्याचा पुठ्ठा सपाट केला. तो हाताखाली धरून काकांच्या रुमालाने आणि माझ्या बुटांच्या नाड्यांनी बांधला. थंड पेयातला बर्फ पिशवीत घालून वर ठेवला. हात उशीवर हवा म्हणून काकांचं जाकीट घडी करून खाली सरकवलं. "दर वीस मिनिटांनी माझी नखं दाबून बघ," तिने मला बजावलं. "गुलाबी रंग परत आला पाहिजे. येतोय तोवर बसता येतं. नाही आला तर उठायचं, मग पोपटी मेला तरी."

सिनेमा सुरू झाला. काकांनी काळजीने डोळे टक्क उघडे ठेवले होते; चौथ्या मिनिटाला त्यांचं डोकं खांद्यावर आलं. मी मोबाइलचा दिवा लावून नखं दाबत होतो.

"ओ, दिवा बंद करा," मागून आवाज आला.

"नखं बघतोय," मी म्हणालो.

"घरी बघा ना नखं."

"त्याला सांग, मान पुढे काढून बसू नकोस," मावशी पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. "मणके जातील."

मध्यंतरात मी पुन्हा जोर लावला. हात चांगलाच सुजला होता. तिच्या कपाळावर घाम होता, आणि खरं सांगायचं तर ती अर्धवट उठलीही. "जाऊ या का?" ती हळूच म्हणाली. हा प्रश्न होता, आणि मावशी सहसा आम्हाला विचारून काही ठरवत नाही. तेवढ्यात काकांनी डोळे न उघडता तिच्या गुडघ्यावर थोपटलं. "नखं गुलाबी आहेत ना? मग बस." ती बसली.

आणि मग, शेवटच्या अर्ध्या तासात, पोपटी पडला. आजवर पडला नव्हता तसा: वेडावाकडा, ओरडत, डावा हात टेकून. मावशीने मला पायाने ढोसलं. "दहापैकी दहा," ती म्हणाली. पडदा काळा झाला. उजाडलं तेव्हा पोपटी एका पलंगावर बसला होता, केप खुंटीला टांगलेली, आणि त्याच्या हाताला पांढरंशुभ्र, कोपरापर्यंत, प्लास्टर होतं.

थिएटरातल्या लोकांना तो हरलाय म्हणून वाईट वाटत होतं. मावशीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती. मग तिने नाक ओढलं, पुढे वाकली, आणि चार रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बोटं मोकळी ठेवायची असतात रे. मूठ कशी वळेल त्याची?"

सव्वा वाजता आम्ही प्लास्टरच्या खोलीत पोचलो. माझ्या बुटांना नाड्या नव्हत्या, त्यामुळे मी बदकासारखा चालत होतो. धाकटी मान खाली घालून पट्ट्या भिजवत होती.

"केव्हा पडलात?"

"दहाला पाच कमी," मावशी म्हणाली.

धाकटीने घड्याळाकडे सावकाश बघितलं. "आणि आत्तापर्यंत काय करत होतात? सिनेमा बघत..." तिने मान वर केली आणि पट्टी बादलीत सोडून दिली. "ताई?"

"हो," मावशी म्हणाली. "सिनेमा बघत होते."

बाकावर पाय पसरून बसलेल्या एका गृहस्थांनी घसा खाकरला. "मागच्या आठवड्यात मला तुम्ही तासाभराच्या उशिरासाठी बोलला होतात."

"तुमचा घोटा होता. गप्प बसा."

"ताई," धाकटी अवघडून म्हणाली, "नियमाप्रमाणे मला आता बोलायला लागेल."

"बोल. मधलं काही गाळू नकोस."

धाकटी पाच मिनिटं बोलली. मावशी मान खाली घालून ऐकत होती, एकदा फक्त म्हणाली, "इथे आवाज चढवायचा." सगळं झाल्यावर तिने धाकटीला जवळ बोलावलं. "त्याला प्लास्टर घातलं आज."

"कुणाला?"

"पोपटीला."

धाकटी स्टुलावर बसली. "खरंच? कुठलं?"

"कोपराखालचं. पण बोटांवरून पार पुढे नेलंय."

"अरेरे," धाकटी म्हणाली. तिला मनापासून वाईट वाटलं.

एक्स-रेत चीरच निघाली, सरकलेलं नव्हतं. सहा आठवडे. फळीवर रंगीत पट्ट्यांचे रोल होते, त्यात एक पोपटी. पण रंगीत पट्टी बारा वर्षांखालच्यांनाच, हाही मावशीचाच नियम. तिने त्या रोलकडे एकदा बघितलं आणि धाकटीला म्हणाली, "पांढरं घाल." ते बघणं काकांनी बघितलं. ते तेव्हा चक्क जागे होते.

दुसऱ्या दिवशी पोस्टातून येताना त्यांनी पोपटी स्केचपेन आणला. चष्मा लावून, जीभ बाहेर काढून, अर्धा तास खपून त्यांनी मावशीच्या प्लास्टरवर गोल काढला आणि गोलात बाण. झाल्यावर मागे सरकून अभिमानाने बघितलं. बाण सरळ उजवीकडे जात होता.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशीने मला डोळ्यांनी गप्प केलं. मग माझ्या लक्षात आलं. काकांनी तो बाण वीस वर्षं डोकं मावशीच्या खांद्यावर ठेवूनच पाहिला होता, अधूनमधून, एका डोळ्याने. त्यांच्यासाठी पोपटी उजवीकडेच जातो.

मावशी घरी बसणारी नव्हेच. आठवड्याभरात ती दवाखान्याच्या बोळात खुर्ची टाकून, हात झोळीत घेऊन, धाकटीच्या कामावर लक्ष ठेवायला हजर झाली. येणारेजाणारे पेशंट तिच्या हातावरचा बाण बघतात आणि काही न विचारता उजवीकडे वळतात. उजवीकडे चादरींची खोली आहे.

"एक्स-रे डावीकडे," मावशी दिवसातून पन्नासदा ओरडते.

"ताई, खोडून सरळ काढून देऊ का?" धाकटीने विचारलं.

"अजिबात नाही," मावशी म्हणाली, आणि चादरींच्या खोलीतून परत येणाऱ्या माणसाकडे डोळे बारीक करून बघत राहिली. "थांब. याला मी ओळखते. उजवा गुडघा."