कमी केलेले गुण

ती घटना मी विसरलेलो नाही, विसरायचा प्रयत्नही करत नाही. सिंहगड रस्त्यावरच्या एका ठाण्यात मी निरीक्षक होतो. पुण्यात आयटी कंपन्या येऊ लागल्या होत्या आणि घरोघरी एकच जप चालू होता, इंजिनीअरिंग.

ऐन प्रवेशाच्या दिवसांत खबऱ्याने टीप दिली. धायरीतल्या एका सायबर कॅफेत प्रवेश परीक्षेची खोटी गुणपत्रकं छापून मिळत होती. बनावट गिऱ्हाईक पाठवून पंचांसमक्ष छापा घातला, संगणक जप्त केला. चालकाला ठाण्यात आणून चहा दिला. अशी माणसं ओरडल्यावर गप्प बसतात, चहा दिला की बोलतात. संगणकात बारा गुणपत्रकं सापडली. अकरांचे गुण वाढवलेले होते. बाराव्यात एका मुलीचे दोनशेपैकी एकशे अडुसष्टाचे शहाऐंशी केले होते.

"काय रे, घाईत हिशेब उलटा झाला का?"

"नाही साहेब. पोस्टानं आलेलं गुणपत्रक तिचे वडीलच घेऊन आले. त्यांनीच तसं सांगितलं."

मी चक्रावलो. वडिलांना बोलावून घेतलं. जमीन बिल्डरला देऊन हार्डवेअरचं दुकान टाकलेले साधे गृहस्थ. जबाब देताना त्यांनी काहीच लपवलं नाही.

"पोरगं दुसऱ्यांदा बसलं व्हतं साहेब. त्याला एक्क्याण्णव पडले. गेल्या साली निकाल लागल्यावर विहिरीच्या काठावर जाऊन बसलं व्हतं, मी हाताला धरून आणलं. धाकट्या बहिणीचे एवढे मार्क बघून त्यानं काय केलं असतं?"

"आणि मुलगी?"

"रडली की. दोन दिवस जेवली न्हाई. पण पोरी सावरत्यात साहेब."

मी खुनाचे पंचनामे केले आहेत, पण असा हादरलो नव्हतो. कोणतं कलम लावायचं, तेही सुचेना. एवढंच कळत होतं की प्रवेश अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. गृहस्थांना जीपमध्ये घालून त्यांच्या घरी नेलं. त्यांनी कपाटातल्या फाइलमधून मूळ गुणपत्रक काढून मुलीच्या हातात दिलं.

तिने ते दोनदा वाचलं. मग दारात उभ्या असलेल्या भावाकडे पाहिलं. "दादा, तुला माहीत होतं?"

"नाही गं." त्याने कागद घेतला. "एकशे अडुसष्ट! आणि तू बीकॉमचा फॉर्म भरलास?" खुंटीवरची मोटारसायकलची किल्ली त्याने उचलली. "चल, अर्जाला फोटो लागतील. स्टुडिओ बंद होईल."

दोघं निघून गेली. वडील रिकामी फाइल धरून उभेच होते. मुलगा काही खचला नव्हता.

मुलीला प्रवेश मिळाला. कॅफेवाल्यावर आरोपपत्र गेलं.

माझ्या मुलीला त्याच्या दोन वर्षं आधी नागपूरला आर्किटेक्चरला जायचं होतं. तेवढे गुणही होते. पण माझ्या धाकट्या मुलाचं दहावीचं वर्ष, घरात गडबड नको, म्हणून मी तिला इथेच बीएला घातलं. तिला वाईट वाटेल, असं बायको म्हणाली होती. "सावरेल ती," मी म्हणालो होतो.

त्या गृहस्थांच्या घरून आलो त्या संध्याकाळी घरी गेलो तेव्हा ती मेथी निवडत बसली होती. शेकडो जबाब घेतलेला मी, तिच्यासमोर बसलो आणि काय विचारावं ते मला सुचलं नाही.