झील कोणी धरायची?

पऱ्हाटीच्या जाळावर तापलेल्या डफावर टिचकी मारली की ‘ठण्ण’ व्हायचं. निजामाच्या राज्यात भीमपूरला ऐकलेला तो आवाज अजून कानात आहे. डफ सीतारामकाकांचा. काका गायचे, महादू आणि मी मागे उभे राहून झील धरायचो, म्हणजे ‘जी जी रं जी’ म्हणायचो. माझं शिकणं तेवढंच! त्या दिवसांतला एक किस्सा काढला की दुसरा त्याच्या मागोमाग येतो. कोणता आधीचा, ते आता विचारू नका.

*

सरकारी माणसं लेव्ही म्हणून घरातली ज्वारी उचलून न्यायची. काकांनी गाणं रचलं, ‘कणगीतली जवारी गेली, सांग माय कोनं नेली?’ ते गावोगाव पोचलं. पोलिसांच्या अमीनसाहेबांनी, म्हणजे फौजदारांनी, काकांना ठाण्यात बोलावलं.

“इस गाने में चोर कौन है?”

“उंदीर, सायेब.”

“तो गाते वक्त सब लोग मेरी तरफ क्यों देखते हैं?”

“ते लोकाईले इचारा, सायेब!”

गाणं बंद झालं.

*

बंद म्हणजे चारचौघांत. शेजारची रुखमामावशी घरी जात्यावर दळताना तेच म्हणायची. एकदा दारात ठाण्यातला जवान येऊन उभा राहिला. त्या आठवड्यात त्याच्या भाकरीची पाळी मावशीवरच होती.

“गाना बंद करो!”

“करतो ना, दादा. पन गानं थांबलं का माहा हात थांबते. आज भाकर नोको काय?”

जवानाने जरा विचार केला. “चलने दो. मगर आहिस्ता!”

*

महादूच्या लग्नात वाजंत्र्याने सनईवर त्याच गाण्याची नुसती चाल वाजवली. जवानाने सनई थांबवली, तर पंगतीला बसलेली मंडळी गुणगुणू लागली. किती जणांना धरणार? तो वाढप्यावरच ओरडला, “जल्दी परोसो! सब का मुँह भर दो!”

*

शेवटी अमीनसाहेबांनी काकांना आठवडी बाजारात उभं केलं. सगळ्यांसमोर सरकारच्या कौतुकाचं गाणं म्हणायचं, नाहीतर आदिलाबादच्या जेलात जायचं! शेजारी जवान बेड्या घेऊन तयार. काकू गर्दीत तोंडाला पदर लावून उभ्या.

काकांनी डफावर थाप दिली. “सरकार आमचे मायबाप हो...” आणि झिलीसाठी थांबले. आमची रीतच अशी, झील पडल्याशिवाय गाणारा पुढची ओळ घेत नाही.

महादू गप्प. मीही गप्प. ठरवलं काहीच नव्हतं. तोंडच उघडलं नाही. काकांनी तीच ओळ पुन्हा म्हटली, पुन्हा थांबले.

“आगे क्यों नहीं गाता?”

“झील पायजे, सायेब. त्याबिगर गानं पुढं जात नाही.”

साहेब आमच्याकडे वळले. “काऊन... क्यों खामोश हो?” चिडले की त्यांच्याही तोंडात आमची बोली यायची.

“गळा बसला, सायेब,” महादू म्हणाला. मी नुसता खोकलो.

काकांनी तिसऱ्यांदा ओळ घेतली. सगळा बाजार बघत होता. साहेब पार वैतागले आणि हात उंचावून स्वतःच ओरडले, “जी जी रे जी!”

कोणी हसलं नाही. काकांनी डफ खाली केला आणि अगदी अदबीनं म्हणाले,

“सूर बरा हाये, सायेब. पन झीलकऱ्यानं मांगं उभं राहा लागते.”

आधी एक भाजीवाली हसली. मग सगळा बाजार! साहेबांनी जवानाकडे पाहिलं. बेड्या पोटाशी धरून तोही हसत होता.

साहेबांनी टोपी सारखी केली आणि ठाण्याच्या वाटेला लागले.